मळका आला म्हणून काय झालं

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर नवा घेतलेला जुना, रोलचा कॅमेरा दाखवला, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "पैसे मोजून कचरा मागवलास." आईने तर मला आधी हात धुवायला पिटाळलं. बरोबरच होतं तिचं. बोटांना लागलेलं काळं दोनदा साबण लावूनही निघालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही स्वतः तसल्याच एका कॅमेऱ्याची लिंक पाठवलीत! म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा ऑलिंपस ओएम-१ आहे. १९७२ साली हे मॉडेल आलं तेव्हा नाव होतं एम-१. लाइका ह्या जर्मन कॅमेरा कंपनीने हरकत घेतली आणि मागाहून 'ओ' चिकटला. नुसती बॉडी जेमतेम अर्ध्या किलोची. खोकं उघडलं तर कातडी कव्हरला कुबट वास, डायलच्या खाचांत पिवळट मेणासारखा मळ, लिव्हरखाली कुणाच्या तरी अंगठ्याच्या घामाचं पुट. जाहिरातीत "तपासलेला नाही" असं सरळ लिहिलं होतं, त्यामुळे विकणाऱ्याशी माझं भांडण नाही.

खरं सांगू का, मला असाच हवा होता. घासूनपुसून चकाचक केलेला आला की मी आधी त्याचे स्क्रू बघतो. खाचा चेपलेल्या, कडा ओरखडलेल्या दिसल्या की समजायचं, कुणीतरी हौसेने उघडून बसलं होतं. ह्याच्या स्क्रूंवर मळ जिथल्या तिथे होता. म्हणजे निदान आत कुणी हात घातलेला नाही.

साफसफाईआधी एक सवय मात्र लावून घ्या: मागचं झाकण एकदम उघडायचं नाही, आत रोल असला तर उजेड लागून खराब होतो. रोल गुंडाळायची छोटी मूठ हलकेच फिरवून बघायची. सैल फिरली तर कॅमेरा रिकामा. माझी अडली! आत रोल होता, अर्धवट काढलेला. पुढच्या बाजूचा खटका 'आर'वर वळवला आणि सावकाश गुंडाळत गेलो. शेवटी 'टक्' झालं, मूठ हलकी झाली, मगच झाकण उघडलं.

आणि मग ते काळं. झाकणाच्या खाचांतून उजेड आत शिरू नये म्हणून फोमच्या पट्ट्या लावलेल्या असतात. इतक्या वर्षांत फोम कुजून त्याचं डांबर होतं. टूथपिकने खरवडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूसकाडी बुडवून पुसायचं, की पुन्हा काळं. वरच्या एका खाचेला माझ्या सतरा काड्या गेल्या. तुकडे शटरच्या पडद्यावर पडू नयेत म्हणून कॅमेरा सगळा वेळ उघडी बाजू खाली करून धरला होता, मान अजून दुखतेय. नव्या पट्ट्या कापून बसवायला त्यामानाने काहीच वेळ लागला नाही.

तोच फोम ह्या मॉडेलात प्रिझमवरही, म्हणजे आरशातलं दृश्य डोळ्याकडे वळवणाऱ्या वरच्या काचेच्या ठोकळ्यावरही असतो, आणि तिथे तो कुजला की प्रिझमचा मुलामा खातो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर खाली काळपट आडवी रेघ. ती पुसून जाणारी नाही. फोटोत येत नाही एवढंच, कारण फोटो घेताना आरसा वर उचलला जातो आणि प्रिझमचा संबंधच उरत नाही. मी ती रेघ तशीच ठेवणार आहे.

आरशाला बोट लावू नका, हे मी स्वतः करून फसलोय म्हणून सांगतो. भिंतीवरच्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो, कॅमेऱ्यातला काचेवर. गेल्या वर्षी एका कॅमेऱ्याचा आरसा मी मऊ फडक्याने "जरासा" पुसला आणि कायमचे ओरखडे उमटवले. तिथे फक्त रबरी फुग्याची हवा.

बॅटरीच्या खोबणीत हिरवट-पांढरा खार होता, तो व्हिनेगरने विरघळला. ह्याला लागायचा तो १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, आणि साधा १.५ चा टाकला तर उजेडाचं मीटर चुकतं. चुकू दे. शटर पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरीवाचून सगळे वेग चालतात.

लेन्सचं तेवढं मनाला लागलं. टॉर्च मारला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती वरच्या लेपावर, कधी काचेवरही खुणा सोडते, मग साफ करूनही डाग राहतो. सध्या ओल शोषणारं सिलिका जेल घालून डब्यात बंद केलीय, बाकीच्या लेन्सपासून लांब.

तर तुमच्या लिंकवाल्याकडून तीन फोटो मागवा: बॅटरीची खोबण, व्ह्यूफाइंडरमधून दिसणारं दृश्य, आणि टॉर्चच्या उजेडात लेन्स. बाहेरचा मळ कितीही असू दे. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

तो रोल अजून टेबलाच्या खणात आहे. कृष्णधवल आहे, त्यामुळे धुवायला दिला तर फिकट का होईना, काही उमटेलही. पण चित्रं असतील दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची. विकणाऱ्याला विचारलंय, अजून उत्तर नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं, ते आईला विचारून दोघं मिळून कळवा.

तुमचा,
धाकटा