वहिनी, आक्काचं नाव यादीत घाला

लीड्स, इंग्लंड
रविवार

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात, ते मनातून जाईना म्हणून लिहायला बसले. निपाणीच्या घरी सरकारी आरोग्य खात्याच्या आशाताई कॅन्सर तपासणीचे फॉर्म भरायला आल्या, तिशीच्या वरच्या सगळ्यांची नावं घेतली, आणि आक्काची पाळी आल्यावर घरातूनच कुणीतरी म्हणालं, "तिचं राहू दे, तिला काय कळतंय." आशाताईंनी पान उलटलं. कुणी वाईट मनानं बोललं नसणार. गावी असताना मीही असंच बोललेय.

पण वहिनी, आक्का मनाच्या आजाराच्या गोळ्या घेते म्हणून काय झालं, ती ५४ वर्षांची. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, वर सकाळ-संध्याकाळ मिश्री. कॅन्सरसाठी घरात आधी कुणाचं तोंड बघायचं, तर तिचं. आणि नेमकं तिचंच नाव गळलं.

तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख, या तिन्हींची तपासणी सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्यांसाठी आहे. तोंड उजेडात नीट बघतात, स्तन हातानं चाचपतात. गर्भाशयाच्या मुखाला पातळ अॅसेटिक आम्ल लावून पांढरा डाग उठतो का ते बघतात. मोठं मशीनसुद्धा लागत नाही.

इथं माझ्या वॉर्डात स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा मनाच्या मोठ्या आजारांची माणसं असतात. इंग्लंडात पन्नाशीनंतर बाईला दर ३ वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, बोलावणं घरपोच येतं. तरी या आजाराची माणसं इतरांपेक्षा सरासरी १५ ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातली बहुतेक हृदय, फुफ्फुसं, कॅन्सर अशा शरीराच्याच दुखण्यांनी. आमच्या एका बाईंच्या कपाटात अशी बोलावणी न फोडता पडली होती. अनोळखी हात अंगाला लागणार, याची त्यांना धडकी भरायची. मी आधी एक दिवस त्यांना नुसती खोली दाखवून आणले. दुसऱ्या खेपेला त्या दारातून परतल्या. कुणी रागावलं नाही. तिसऱ्या खेपेला सकाळची पहिली वेळ घेतली, बाहेर गर्दी नव्हती, आणि तपासणी झाली.

आक्काची दाढ आठवते ना? दोन महिने ती गाल धरून बसायची आणि दवाखान्यात सांगत होते, "गोळ्यांनी होतंय, मनाचं आहे." शेवटी गाल सुजला तेव्हा कळलं, आत पू झाला होता. तिच्या प्रत्येक दुखण्याचं बिल त्या एकाच आजाराच्या नावावर फाडलं जातं. आपल्याकडं एकदा "धारवाडला दाखवलंय", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असं म्हटलं, की त्या माणसाच्या अंगाकडं कुणी बघतच नाही.

म्हणून विनंती. ती मंगळवारी गोळ्या आणायला जाते, त्याच दिवशी त्याच दवाखान्यात तोंड आणि स्तन दाखवून घ्या. वेगळी फेरी ठेवलीत तर ती यायची नाही. तुम्हाला गडहिंग्लजहून संकेश्वरमार्गे यावं लागेल, दगदग आहे, पण तिचा विश्वास तुमच्यावर आहे. आदल्या दिवशी तिला सगळं मराठीत सांगा. कागद कन्नडात असला तर सिस्टरांकडून अर्थ समजून घ्या आणि तिला सांगूनच तिची सही घ्या. तपासणाऱ्या बाईच असाव्यात, असंही आधी विचारून ठेवा.

गर्भाशयाच्या तपासणीला ती नको म्हणाली तर तिथंच थांबा. सासरी तिच्यावर काय गुदरलं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या दोन तरी होतील, तिसरीचं पुढच्या वेळी पुन्हा विचारता येईल. पण तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, किंवा स्तनात गाठ दिसली, तर ते पुढच्या फेरीवर टाकू नका, लगेच बेळगावच्या किंवा मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पैसे मी पाठवते.

कुणी "अशांचं कशाला" म्हणालं, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ सांगा. शरीराच्या आजाराच्या माणसाला जी आरोग्यसेवा, तीच मानसिक आजाराच्या माणसालाही, बरोबरीनं. आशाताईंना मात्र प्रेमानंच सांगा. त्यांच्या यादीत आक्का बसली, की पुढच्या वर्षी गल्लीतल्या अशाच आजाराच्या त्या दोन पोरांची नावं घालायचं त्यांच्या आयांनाही विचारता येईल.

मिश्रीची डबी एकदम हिसकावून घेऊ नका. ती चिडली तर मंगळवार हातचा जाईल.

दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. सोमवारी इथं माझी रात्रपाळी आहे, म्हणजे मंगळवारी तुमच्या दुपारी मी जागी असेन. आक्काला फोन द्या.

तुमची,
सुमन