अ‍ॅब्लेशननंतर नाडी वाढते, हे आधी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला एट्रियल फिब्रिलेशनवरचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ठेका बिघडण्याच्या आजारावरचा लेख वाचला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं त्यात नीट समजावलं आहे. पण मज्जातंतूंबद्दल एक ओळ नाही, आणि माझे हाल झाले ते नेमके तिथंच.

मी ३१ वर्षं सोलापुरात अशोक चौकाजवळच्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा कारागीर होतो. मागाचा ठेका चुकला की धोटा अडकायच्या आधी आमच्या कानाला कळतं. २०२१ साली तसंच छातीत कळलं. रात्री पोटभर जेवून डाव्या कुशीवर पडलो की अर्ध्या तासात फडफड सुरू. मनगट धरलं तर दोन ठोके लागोपाठ, मग मोठा खंड, मग तीन घाईघाईनं. पहाटे आपोआप थांबायचं. सकाळी दवाखान्यात जावं तर ईसीजी नॉर्मल. "गॅस आहे काका, टेन्शन घेऊ नका." दीड वर्ष हेच ऐकलं. गड्ड्याच्या यात्रेत नातवाला खांद्यावर घेऊन फिरलो तरी काही होत नव्हतं, त्यामुळे घरच्यांनाही ते मनाचंच वाटू लागलं.

शेवटी पुण्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "कधी होतं?" हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. दोन दिवस अंगावर यंत्र लावलं, रात्रीचा झटका त्यात सापडला. जेवण झाल्यावर आणि झोपेत व्हेगस नावाच्या नसेचा जोर असतो, असं त्यांनी सांगितलं. ती ठोके मंद करते, पण त्याच वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्यांना प्रत्येक ठोक्यानंतर लागणारी विश्रांती आखूड करते, आणि मग एखादी भरकटलेली विजेची ठिणगीही पेट घेते. पॅरिसचे डॉ. फिलिप कुमेल यांनी रात्री येणाऱ्या अशा झटक्यांबद्दल १९७०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. माझं दीड वर्ष मात्र गॅसच्या गोळ्यांत गेलं.

मग अ‍ॅब्लेशन झालं. फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमधून या ठिणग्या उडतात, हे १९९८ मध्ये बोर्दोच्या डॉ. हायसागेर यांच्या चमूनं दाखवलं. म्हणून जांघेतून तार नेऊन त्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देतात. तिथंच, हृदयावरच्या चरबीत, मज्जातंतूंच्या गाठी, म्हणजे पुंजके असतात. डाग देताना त्याही भाजतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर बसल्या जागी नाडी ८४. आधी कायम ५८ असायची. रात्री अडीचला मी उठून मोजतोय, बायको देवापाशी बसलेली. ऑपरेशन फसलं असं समजून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठलं. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, म्हणाले, "ठेका एकसारखा आहे. ब्रेक लावणाऱ्या नसा भाजल्यात, म्हणून वेग वाढलाय. बऱ्याच जणांचं होतं." आता ७४ वर आली आहे.

त्या गाठी मुद्दाम जाळाव्यात असं मी म्हणत नाही. २०१३च्या २४२ रुग्णांच्या एका अभ्यासात त्याचा फायदा दिसला, तर २०१६च्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या अभ्यासात, जुनाट आजारात शस्त्रक्रियेत गाठी जाळूनही फायदा झाला नाही, उलट त्रास वाढला. ते डॉक्टरांनी ठरवावं.

माझं मागणं साधं आहे. रुग्णाला अर्ध्या पानाचा कागद द्या. झटका किती वाजता आला, आधी काय खाल्लं होतं, हे लिहून ठेवा. झटका चालू असतानाच ईसीजी काढा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. अ‍ॅब्लेशननंतर नाडी वाढली पण ठेका एकसारखा असेल तर घाबरू नका, डॉक्टरांना फोन करा. मात्र पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखलं, हातपाय लुळे वाटले तर तडक दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद करू नका.

आणि आपल्या सोलापुरात हा कागद मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही हवा. आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या एका मावशींचं पुढच्या महिन्यात अ‍ॅब्लेशन आहे. त्यांना फक्त तेलुगू वाचता येतं. सध्या मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना मनगटावरची नाडी मोजायला शिकवतो आहे.

आपला,
एक निवृत्त जॉबर, सोलापूर