राखीव फळी विकतच घ्यावी लागते?

नव्या व्यवस्थापकाने सूत्रे हाती घेताच फुटबॉल क्लबने राखीव फळीसाठी सात-आठ खेळाडू विकत घ्यावेत, हा क्रीडा पानावरील लेखातला सल्ला पटला नाही. व्यवस्थापक आर्ने स्लॉट यांनी लिव्हरपूल क्लबला २०२४-२५मध्ये, आपल्या पहिल्याच हंगामात, प्रीमियर लीग ही इंग्लंडमधली अव्वल स्पर्धा जिंकून दिली. त्या उन्हाळ्यातील खरेदीपैकी मैदानात दिसला तो एकटा फेडेरिको किएसा, तोही क्वचितच. लिव्हरपूलला हवा असलेला स्पेनचा मधल्या फळीतील खेळाडू मार्टिन झुबिमेंडी याने नकार कळवल्यावर स्लॉट यांनी संघातल्याच रायन ग्राव्हेनबर्खला मधल्या फळीत मागे खेळवले आणि त्या जागेचा प्रश्नच मिटला. शिवाय लीगसाठी क्लबने नोंदवायच्या २५ जणांच्या यादीत २१ वर्षांखालील खेळाडू मोजले जात नाहीत. सामन्यात पाच बदलही करता येतात. मग अकादमीतल्या पोरांना शेवटची वीस मिनिटे द्यायला हरकत काय? खरेदी करायचीच, तर उणीव दिसल्यावर, हंगामाच्या मध्यावर खरेदीची मुभा असते त्या जानेवारीत करावी.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक