मुलांचा निकाल, पालकांचे स्टेटस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन जाहीर झाला की अर्ध्या तासात ओळखीपाळखीच्या घरांतली गुणपत्रके व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर झळकू लागतात. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहताना आसन क्रमांक आणि आईचे नाव विचारले जाते. परक्याने मुलाचा निकाल सहज उघडू नये म्हणून असलेला आडोसा तो काय एवढाच, आणि आनंदाच्या भरात आईवडील गुणपत्रकाच्या फोटोसोबत या दोन्ही गोष्टी शेकडो लोकांच्या हाती देतात. पण मला अधिक खुपते ते वेगळेच. ज्या घरी ९२ टक्के आले त्यांच्या स्टेटसमुळे ५१ टक्के मिळालेल्या शेजारच्या मुलाची झाकली मूठही उघडते, कारण त्याच्या घरचे स्टेटस कोरे का, हे कोणाला सांगावे लागत नाही.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. चाचणीचे पेपर वाटताना प्रत्येकाचे गुण मोठ्याने वाचून दाखवायची तेव्हा पद्धत होती आणि त्यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही. एकदा तास संपल्यावर नववीतली एक मुलगी टेबलाजवळ येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, “बाई, माझे गुण फक्त मलाच सांगाल का?” त्यानंतर मी पेपर घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात देऊ लागले. इतकी वर्षे वर्गासमोर मी जे वाचत होते ते माझे नव्हतेच, हे मला त्या मुलीमुळे उमगले.

‘माझे खाते, माझी मर्जी’ असे पालक म्हणतात तेव्हा मला तिची आठवण येते. स्वतःचे आयुष्य कोणी किती उघडे करावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु घरातून बाहेर जाणारे बरेचसे स्वतःचे नसतेच. सोनोग्राफीत दिसलेल्या बाळाची पहिली छबी, रडणाऱ्या लेकराचा ‘गमतीदार’ व्हिडिओ, सलाइन लावलेल्या आजोबांचा फोटो, यांतल्या कोणाला कोणी विचारलेले असते?

खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, आणि तो मोठ्या माणसांपुरता नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. घरगुती वापराला मात्र तो कायदा लागू होत नाही. म्हणजे कंपनीने पालकांना विचारायचे, पण पालकांनी मुलाला विचारावे असे कुठेच लिहिलेले नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छबीचे रक्षण ही आईवडिलांची जबाबदारी ठरवली आणि मुलाच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे त्यालाही या निर्णयात सामील करून घ्यायला सांगितले. आपल्याकडे घराच्या उंबऱ्यापर्यंत न्यायालय यावे असे मला वाटत नाही, पण त्यातले मुलाला विचारणे तेवढे घ्यायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

परगावच्या आजी-आजोबांना, परदेशातल्या मावशीला नातवंडांचे, भाच्यांचे कौतुक पाहायचे असते हे खरेच आहे. त्यांना फोटो थेट पाठवता येतो. त्यासाठी दूधवाल्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सर्वांना दाखवण्याची गरज नसते. शाळांनीही प्रवेशाच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यात एकच सही घेऊन वर्षभर मुलांचे फोटो नाव-इयत्तेसह टाकण्याची रीत सोडावी. त्यांनी प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळी वेगळे विचारावे, आणि नकार देणाऱ्याच्या मुलाला नाचातून मागच्या रांगेत उभे करू नये.

येत्या निकालाच्या दिवशी गुणपत्रकाचा फोटो काढण्यापूर्वी पालकांनी मुलाला एकदा विचारावे आणि त्याने मान हलवून ‘नको’ म्हटले, तर ९२ टक्क्यांचे असले तरी ते गुणपत्रक कपाटातल्या फाइलमध्ये ठेवावे, एवढी विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा