३१ वेळा ‘म्हणजे’

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय मंग्या,

स. न.

परवा फोनवर म्हणालास, “हेडसरांच्या निरोप समारंभात पाच मिनिटं बोलायचंय, त्यापेक्षा पन्नास पेपर तपासायला द्या.” मी हसलो, पण मला आमच्या सोसायटीची सभा आठवली. लाजेपायी तुला सांगितली नव्हती.

पुनर्विकासाचा विषय, गच्चीवर मांडव, सत्तर-ऐंशी माणसं. कार्पेट एरियाचा हिशेब मी दोन पानं लिहून घोकला होता. हातात घेतला तसा माइक कुईंऽऽ करून किंचाळला आणि माझं पहिलं वाक्यच गेलं. कागद काढला, तर त्याची फडफड स्पीकरवर ऐकू यायला लागली. पुढच्या खुर्चीतल्या काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. “बाकीचं सेक्रेटरी सांगतील,” म्हणून मी बसलो. सेक्रेटरींना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

मग ऑफिसातल्या एकाने टोस्टमास्टर्सच्या क्लबात नेलं. तिथे चारचौघांत बोलायचा सराव करतात. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेला हा प्रकार. पहिलं भाषण चार ते सहा मिनिटांचं. चाराला हिरवी खूण, पाचाला पिवळी, सहाला लाल. एक जण तर फक्त तुझे ‘अं... अं...’ मोजायला बसलेला! तिथलं इंग्रजी मला बेताचंच झेपलं, पण ही मोजदाद मी घरी आणली. फोनवर मराठीत बोलून रेकॉर्ड केलं, हिने पेन्सिलीने रेघा मारल्या. चार मिनिटांत ‘म्हणजे’ ३१ वेळा. आता ‘म्हणजे’ ओठावर आलं की तोंड मिटतो. ती गप्प राहण्याची घडी आपल्याला युगासारखी वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं, गडी विचार करून बोलतोय.

आणि घोकू नकोस रे. एक वाक्य निसटलं की मागची सगळी ओघळतात. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ कर, मधले तीन मुद्दे जाड कार्डावर लिही. कार्ड फडफडत नाही. सराव मात्र उभं राहून, मोठ्याने. मी सकाळी उपवन तलावाच्या काठी करायचो. फिरायला येणाऱ्यांना वाटायचं, हा फोनवर कुणाशी तरी भांडतोय.

छाती धडधडायची राहत नाही, ते ॲड्रेनलिनचं काम आहे. उठण्याआधी दोन-तीनदा श्वास सावकाश सोड. पुढच्या सभेतही माझे पाय लटपटत होतेच. पण “आमच्या फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही, भाजीचा ट्रे तिरका करून काढावा लागतो,” अशी सुरुवात केली आणि निम्मा मांडव हसला. त्यांच्याही स्वयंपाकघरात तीच गत! तिथून पुढे हिशेब सोपा गेला.

तुझ्या भाषणात ‘शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष’ नको, ते बाकीचे म्हणतीलच. व्यासपीठावरची दोन-तीन नावं घे आणि थेट २०१९ च्या पुरावर ये. सरांनी जनरल रजिस्टरं पोत्यात भरून वरच्या मजल्यावर नेली आणि स्वतःची स्कूटर खाली पाण्यात विसरले, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा फोनवर सलग दहा मिनिटं बोललास, एकदाही अडखळला नाहीस. तसंच सांग.

बुधवारपर्यंत रेकॉर्ड करून पाठव. हिने पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुझा,
सुन्या