प्रश्नचिन्हं पुसणाऱ्या दादांस जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. कोल्हापुरात स्टुडिओ चालवणाऱ्या बऱ्याच जणांवर आज ना उद्या कॉम्प्युटरवरचे जुने फोटो सापडेनासे होण्याचा प्रसंग येईल. त्यांच्याही उपयोगी पडेल.

बाबांच्या माघारी स्टुडिओ माझ्याकडे आला तो लाखावर फोटोंसकट. लग्नं, बारशी, खासबागेतल्या कुस्त्या, जोतिबाची चैत्र यात्रा, २०१९ चा महापूर. नवा कॉम्प्युटर घेतला, जुनी हार्ड डिस्क जोडली, लाइटरूम क्लासिक हे फोटो लावायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर डावीकडच्या एकूण एक फोल्डरवर प्रश्नचिन्ह. थंबनेल, म्हणजे छोटी चित्रं, दिसत होती, पण मूळ फाइलचा पत्ता नाही. ओळखीतल्या एकानं सांगितलं, फोल्डर सिंक्रोनाइझ कर, म्हणजे डिस्कशी जुळवून घे, सगळं साफ होईल. तेवढ्यात तुम्ही आलात. खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "माउसवरचा हात काढ. आता कायबी दाबू नकोस."

मग शांतपणे समजावलंत. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच, असते ती त्यांची नोंदवही: फोटो कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, त्याला किती स्टार, कोणते कीवर्ड (शोधण्यासाठी लावलेले शब्द), एडिटिंगमध्ये काय काय केलं. जुन्या मशीनवर डिस्कला 'ई' अक्षर होतं, नव्यावर 'एफ' मिळालं. पत्ता बदलला, एवढंच. सिंक्रोनाइझ करताना हरवलेले फोटो कॅटलॉगमधून काढण्याची खूण राहिली असती, तर मूळ फाइल डिस्कवर सुखरूप राहिल्या असत्या, पण बाबांनी एकेक फोटो बघून केलेली निवड आणि एडिटिंग यांची नोंद गेली असती. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्ही सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक केलंत, 'फाइंड मिसिंग फोल्डर' घेतलंत, नवी जागा दाखवलीत आणि खालच्या सगळ्या फोल्डरांवरची प्रश्नचिन्हं गेली. आई मागे उभी होती. तिनं देवाला हात जोडले.

तिथंच उठला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही त्यानंतरही संध्याकाळी वेळ काढून येत राहिलात. किरणोत्सवाचं उदाहरण घेऊन कलेक्शन शिकवलंत ते आजही डोक्यात पक्कं आहे. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर. तारखेप्रमाणे फोल्डर लावले की ते फोटो विखुरणारच. कलेक्शनमध्ये ते एकत्र येतात, आणि कॉपी होत नसल्यानं डिस्कवर जादा जागाही जात नाही. कीवर्ड देवनागरीतच ठेवूया म्हणालात. 'उत्सव'च्या पोटात किरणोत्सव, शाही दसरा, जोतिबा यात्रा. 'कुस्ती'च्या पोटात मैदान, तालीम, वस्ताद.

त्याचं मोल परवा कळलं. एका दिवंगत पैलवानाच्या सूनबाई आल्या होत्या. सासऱ्यांचा लांगेतला एखादा फोटो असला तर बघा, म्हणाल्या. आईनं बाबांच्या आठवणीवरून त्यांच्या नावाचा कीवर्ड आधीच लावून ठेवला होता. नाव टाइप केलं आणि खासबागेच्या लाल मातीत शड्डू ठोकणारा माणूस पडद्यावर उभा राहिला. मांडीवरचा मातीचा पंजासुद्धा स्पष्ट दिसत होता. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत.

बॅकअपच्या बाबतीत मात्र तुम्ही कडक होता, आणि ते बरोबरच होतं. लाइटरूम बंद करताना जो बॅकअप घेतं तो फक्त कॅटलॉगचा, फोटोंचा नव्हे. हे किती जणांना ठाऊक असतं? तुम्ही एकच विचारलंत, "पंचगंगा पुन्हा दुकानात आली तर?" २०१९ नंतर २०२१ लाही पाणी बघितलेल्या आमच्या गल्लीत यावर वेगळं काही सांगायची गरज नव्हती. आता फोटोंची एक प्रत कामाच्या डिस्कवर, दुसरी घरी माळ्यावर आणि तिसरी पुण्यात बहिणीकडे. प्रत्येक प्रतीसोबत कॅटलॉगही.

पैशांचं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "पुन्हा काढलंस तर उठतो बघ." म्हणून पुन्हा काढत नाही. पण या धंद्यात कष्टानं कमावलेलं ज्ञान कुणी असं हातावर ठेवत नाही, ते तुम्ही ठेवलंत. मनापासून आभार.

सध्या बाबांच्या निगेटिव्ह स्कॅन करतोय. स्कॅनची तारीख बदलून मूळ वर्ष घालायला तुम्ही दाखवलेलं 'एडिट कॅप्चर टाइम' वापरतो. ज्यांचं वर्ष कळत नाही असे जोतिबाचे बरेच फोटो आईनं वेगळे काढलेत. पुढच्या वेळी याल तेव्हा तासभर जास्तीचा ठेवा. त्यातली काही माणसं तुम्हीच ओळखाल असं ती म्हणते.

तुमचा,
शुक्रवार पेठेतला धाकटा भाऊ