आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर चढवलेल्या रक्ताचा खर्च नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग

विषय: दाव्यातून कापलेले १३,८७० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या आईच्या दाव्यातून आपण १३,८७० रुपये कापले आहेत. रक्ताच्या एका पिशवीचे १,५५०, क्रॉसमॅच वगैरे तपासण्यांचे १,१०० आणि ‘रक्तामुळे लांबलेल्या’ दोन दिवसांच्या खोलीचे व नर्सिंगचे ११,२२०. कारणाच्या रकान्यात एकच ओळ आहे: ‘हिमोग्लोबिन ७ पेक्षा जास्त असल्याने रक्त देणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हते.’ ही ओळ लिहिणाऱ्याने आईचे कागद वाचलेले नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

आई ८३ वर्षांची, वजन ४१ किलो. सात वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला आहे. पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि डावा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी रॉड घालून ऑपरेशन झालं. दाखल होताना हिमोग्लोबिन १०.४ होतं, ऑपरेशननंतरच्या सकाळी ८.९ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ७.६. ड्रेसिंगवर रुपयाएवढाही डाग नव्हता, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं की मग रक्त गेलं कुठे? त्यांनी पांघरूण बाजूला करून आईची मांडी दाखवली. दुसऱ्या मांडीच्या जवळजवळ दीडपट सुजलेली, गुडघ्यापर्यंत काळीनिळी. अशा फ्रॅक्चरमध्ये बरंचसं रक्त बाहेर न येता स्नायूंतच साचतं, त्यामुळे आकडा ऑपरेशननंतरही एकदोन दिवस उतरत राहतो, हे मला तेव्हा कळलं.

त्याच सकाळी फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला पलंगाच्या कडेला बसवलं. पाय खाली सोडल्याबरोबर तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, “दिवा का गं घालवलास?” खोलीत दोन ट्यूबलाइट चालू होत्या. नाडी ११८, रक्तदाब ९०/६०. सलाइन देऊनही दुपारपर्यंत नाडी खाली आली नाही. नर्सिंग चार्टवर हे सगळं वेळेसकट लिहिलेलं आहे आणि तो चार्ट मी दाव्यासोबत जोडला होता.

आता आपल्या ७ या आकड्याविषयी. रक्त उगाच चढवू नये, हे मलाही मान्य आहे. पण ७ ची मर्यादा रुग्णालयातल्या स्थिर प्रकृतीच्या प्रौढ रुग्णांसाठी आहे. हाडांची शस्त्रक्रिया झालेल्या आणि आधीपासून हृदयविकार असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शनातही ८ चा आकडा आहे. खुब्याच्याच रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडातल्या ४७ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली आणि २०११ साली प्रसिद्ध झाली. २,०१६ रुग्ण, सरासरी वय ऐंशीच्या वर, सगळ्यांना हृदयविकार किंवा त्याचा धोका. हिमोग्लोबिन १० च्या वर राखण्यासाठी जास्त रक्त दिल्याने फायदा दिसला नाही, हे खरं. पण कमी रक्त दिलेल्या गटातही मर्यादा ८ चीच होती, आणि त्याच्या वर असतानासुद्धा लक्षणं दिसली तर रक्त द्यायची मुभा होती. छातीत दुखणं आणि सलाइनला दाद न देणारी वाढलेली नाडी किंवा उतरलेला रक्तदाब ही त्यांतलीच लक्षणं. माझ्या आईचा आकडा ८ च्या खाली होता आणि लक्षणंही होती. रक्त हात आखडून द्यावं म्हणणाऱ्यांनीही तिला दिलं असतं.

आणि डॉक्टरांनी हात सैल सोडला नव्हता. दोन पिशव्या राखून ठेवल्या होत्या, चढवली एकच. दोन सिस्टरनी पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट आणि आईचं नाव एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवलं, मगच नळी जोडली. अशा वयात रक्त भराभर गेलं तर हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं, म्हणून पिशवी साडेतीन तास चालली आणि पहिला पाव तास सिस्टर पलंगापासून हलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी हिमोग्लोबिन ८.५ आलं, तेव्हा दुसरी पिशवी न वापरता परत गेली. तिचे पैसे बिलात नाहीतच.

त्या सकाळी आई वॉकर धरून दारापर्यंत सहा पावलं चालली. आपण कापलेले दोन दिवस हेच आहेत. एक रक्त चढवण्याचा, एक तिला पायावर उभं करण्याचा. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात. ते झालं असतं तर आपल्याला याच्या कितीतरी पट बिल भरावं लागलं असतं.

हप्ता आम्ही चौदा वर्षं एकदाही चुकवलेला नाही. तेव्हा कापलेली पूर्ण रक्कम परत करावी. ती देणार नसाल, तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली कापली ते लेखी कळवावं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार अंशतः नाकारलेल्या दाव्यातही कलमाचा संदर्भ देणं आपल्यावर बंधनकारक आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पात्रता आणि त्यांनी नर्सिंग चार्ट पाहिला होता की नाही, हेही कळवावं. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मी विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात अर्ज करणार आहे.

डिस्चार्ज कार्ड, हिमोग्लोबिनचे चारही रिपोर्ट, रक्तपेढीची पावती आणि नर्सिंग चार्ट यांच्या प्रती पुन्हा जोडल्या आहेत. चार्टवरच्या ‘सकाळी १०.४०’ या नोंदीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. कृपया निदान ती ओळ वाचावी.

आपली,
पॉलिसीधारकाची मुलगी